पांढरी तीनची बासरी

बासरी घ्यायला गेलो तेव्हा माझी पहिली चूक झाली ती लांबीची. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लोकसंगीतातली बासरी रागदारीच्या मैफलीत बसवली आणि त्यासाठी ती चांगली ३२ इंचांपर्यंत लांब केली, एवढे वाचून झाले होते. तेव्हा घ्यायची तर तशीच, असे ठरवून मी पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात शिरलो. दुकानदारांनी माझ्या बोटांकडे एकदा पाहिले आणि १९ इंचांची, पांढरी एकची बासरी पुढे केली. मला तो किंचित अपमान वाटला. मी हट्टाने लांब, पांढरी तीनची मागितली, म्हणजे जिचा षड्ज (सा) हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीशी जुळतो ती, आणि उजव्या हाताची अनामिका सहाव्या छिद्रापर्यंत पोहोचता पोहोचेना. ‘‘टोकांनी झाकू नका, बोटं आडवी टाका,’’ एवढेच ते म्हणाले. बासरी मी घेतली, पण पुढचे चार महिने माझा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, फुसफुसत राहिला.

आता मागे वळून पाहताना वाटते, की त्या दिवशी मी रंग, दोऱ्याचे लाल-काळे वेढे आणि पॉलिशची चकाकी सोडून काहीही पाहिले नव्हते. पाहायला हवे होते ते आतून. उघडे तोंड उजेडाकडे धरून नळी सरळ आणि गोल आहे का, आत कुसे राहिली आहेत का, हे एका डोळ्याने दिसते. मग वरची तीन छिद्रे झाकून षड्ज, तीच बोटे ठेवून जोरकस फुंकेने तार षड्ज, आणि दोन्ही तंबोऱ्याशी मिळतात का ते ऐकायचे. शेवटी सहाही छिद्रे झाकून हलक्या फुंकेने मंद्र पंचम. दुकानात मधल्या सप्तकात गोड बोलणाऱ्या पुष्कळ बासऱ्या याच ठिकाणी घोगऱ्या होतात. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळता येतात. बासरीची छिद्रे मात्र तापलेल्या सळईने एकदाच पाडलेली असतात. म्हणून मैफलीत बासरी तंबोऱ्याला मिळवत नाहीत, तंबोरा बासरीला मिळवतात, आणि या एका बाबतीत तरी बासरीवाल्याचा थोडा रुबाब असतो.

आपल्याकडे तंबोरा म्हटले की मिरज, तसे बासरीचे नाव उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतशी जोडलेले आहे. गंमत अशी की तिथल्या कारागिरांचा बांबू येतो थेट आसामातून, कारण लांब बासरीला पातळ सालीचे आणि दोन गाठींमध्ये सलग हातभर लांबीचे पेर लागते, आणि तसा बांबू सगळीकडे मिळत नाही. आसामच्या पावसात वाढलेले ते गवत (बांबू हे शेवटी गवतच) माझ्या घरी येऊन पुण्याचा कोरडा मे महिना काढणार होते, याचा मी विचारच केला नव्हता.

त्या मे महिन्यात बासरी आठवडाभर कपाटावर, पंख्याच्या वाऱ्यात पडून राहिली. सुटीवरून आल्यावर वाजवायला घेतली तर मंद्र पंचम, जो नुकताच कुठे वश झाला होता, पुन्हा नाहीसा. बोटे तपासली, ओठ तपासले. मग खिडकीशी नेऊन पाहिले तेव्हा फुंकेच्या छिद्रापासून निघालेली, केसाइतकी बारीक एक रेघ दिसली. नखाने जाणवतही नव्हती. दाबली की मिटायची, सोडली की उघडायची.

त्याच दुकानात गेलो. ‘‘तेल कधी लावलं होतंत?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी भेगेत गोंद मुरवला, नायलॉनचा दोरा ओढून ओढून वेढे घातले आणि महिन्यातून एकदा आतून तेलाचे बोट फिरवायला सांगितले. बोट म्हणजे काठीला गुंडाळलेली सुती चिंधी. कोणते तेल, हे विचारायचे राहिले आणि मी घरातले खोबरेल वापरले. ते २४ अंशांच्या खाली थिजते, हे शाळेत शिकलेले ज्ञान मला डिसेंबरातल्या एका पहाटे आठवले, नळीत पांढरे मेण जमल्यावर. तेव्हापासून मोहरीचे तेल आहे. त्याच्या वासाबद्दल घरात मतभेद आहेत.

बाकी जपणूक फारशी नाही. वाजवून झाले की फुंकेची ओल पुसायची, कापडी पिशवीत ठेवायची, गाडीत उन्हात सोडायची नाही. थंडीत बासरी थोडी उतरलेली बोलते, म्हणून आधी पाच मिनिटे नुसता षड्ज लांबवत आतली हवा ऊबदार करावी लागते. या पाच मिनिटांत शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची पहिली शिटी होते. ती कोणत्या पट्टीत आहे हे मी अलीकडे ओळखायला लागलो आहे. पांढरी तीनची मात्र ती नाही.