गेटजवळची २७.६५ लेव्हल

गोरेगाव पश्चिमेच्या एका सखल प्लॉटवर कर्बची, म्हणजे आतल्या रस्त्याच्या कडेच्या उंच काठाची, आखणी चालू होती. दुपारी मुकादमाचा फोन आला, "साहेब, गेटच्या आत कर्बची लेव्हल रस्त्याच्या पाऊण मीटर खाली निघतेय. काम थांबवलंय." ग्रेडिंगची, म्हणजे जमिनीच्या तयार पातळ्या आणि उतारांची, फाईल दुसऱ्या कार्यालयातून आली होती आणि आखणीचे बिंदू तिच्यातूनच टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रात भरलेले होते.

प्लॉट सुमारे ४,००० चौरस मीटरचा. पुढचा रस्ता एका टोकाला २८.८५ मीटर, दुसऱ्या टोकाला २८.४०, दोन्ही टाऊन हॉल डेटमवर, म्हणजे मुंबईत उंची ज्या पायापासून मोजतात त्यावर. सखल जमिनीसाठी महापालिकेची नेहमीची अट अशी: भराव याच डेटमवर किमान ९२ फूट पातळीपर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा ६ इंच वर, यांतलं जे जास्त असेल ते, आणि उतार रस्त्याकडे. ९२ फूट म्हणजे २८.०४ मीटर. रस्त्याचं उंच टोक अधिक ६ इंच धरले की २९.०० येतात, म्हणून तीच पातळी धरायची. गेट मात्र रस्त्याच्या सखल टोकाला. तिथे ६० सेंटिमीटर चढायचे, १:१० चा रॅम्प धरला तर ६ मीटर लांबी त्यातच जाते.

सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये सरफेस, म्हणजे जमिनीचं त्रिमितीय मॉडेल, उघडून कंटूर (समान उंचीच्या रेषा) ५ सेंटिमीटरवर आणले. मुंबईतल्या सपाट प्लॉटला अर्ध्या मीटरचे कंटूर काहीच दाखवत नाहीत. गेटच्या आत लगेच एकात एक बंद वर्तुळं दिसली, म्हणजे तिथे खड्डा. कर्बची फीचर लाइन (प्रत्येक बिंदूला उंची असलेली रेषा) निवडून तिच्या उंच्यांचा तक्ता, एलिव्हेशन एडिटर, उघडला: २८.५५, मग २७.६५, मग २९.१५. मधला बिंदू २८.६० असायला हवा होता.

२७.६५ हा आकडा गटाराच्या तळाचा. महापालिकेच्या चेंबरचा इन्व्हर्ट, म्हणजे आतला तळ, २७.६०, गटाराचा उतार १:२५०, आणि चेंबरपासून १२ मीटरवर गटार कर्बखालून जातं. गटाराच्या तळाची रेषाही फीचर लाइनच होती आणि कर्बसोबत एकाच 'साइट'मध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या एकाच गटात, ठेवलेली. एका साइटमधल्या दोन फीचर लाइन एकमेकींना छेदल्या की त्या बिंदूला एकच उंची राहते, आणि शेवटी जी रेषा बदलली तिचीच उंची टिकते. कुणीतरी गटाराचा उतार शेवटी दुरुस्त केला आणि कर्ब तळापर्यंत ओढला गेला. सॉफ्टवेअर यावर इशारा देत नाही, कारण त्याच्या लेखी ही चूकच नाही.

भरावाच्या हिशेबात हे सापडणं जवळपास अशक्य. एकूण भराव २,८०० घनमीटर, म्हणजे ९९० ब्रासच्या आसपास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). हा खड्डा ३० चौरस मीटरवर पसरलेला, ९५ सेंटिमीटर खोल, शंकूसारखा, म्हणून जेमतेम साडेनऊ घनमीटर. हजार ब्रासमध्ये साडेतीन ब्रासचा फरक कुणाच्या डोळ्यांत भरणार? म्हणूनच नुसता व्हॉल्यूम रिपोर्ट, म्हणजे भरावाचा हिशेब, बघून ग्रेडिंग पास करू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्तीसाठी आधी गटाराची रेषा 'मूव्ह टू साइट'ने वेगळ्या साइटमध्ये नेली. पण तेवढ्याने भागत नाही. दोन्ही रेषा सरफेसमध्ये ब्रेकलाइन (सरफेसला आपल्या उंचीवर बांधणाऱ्या रेषा) म्हणून राहिल्या तर छेदणाऱ्या ब्रेकलाइनची अडचण पुन्हा उभी राहते. तयार जमिनीच्या सरफेसमध्ये गटाराचा तळ मुळात नकोच, झाकणाची आणि ग्रेटिंगची (गटारावरच्या जाळीची) पातळी हवी. तळाची रेषा तिथून काढली, मग कर्बच्या बिंदूला २८.६० हाताने दिले. क्रम उलटा केला असता तर रेषा हलवायच्या आधीच तो बिंदू गटाराला वर उचलून बसला असता.

फाईल उघडलीच होती म्हणून बाकीचंही पाहिलं. मागच्या बाजूला ग्रेडिंग ऑब्जेक्ट (आपोआप उतार काढणारी सोय) वापरून १:२ उताराने जुन्या जमिनीपर्यंत सोडलेलं होतं. उताराचा पाय कंपाउंड वॉलच्या पलीकडे, शेजारच्या सोसायटीत उतरत होता. शहरातल्या प्लॉटला अशा मोकळ्या उताराला जागाच नसते, तिथे भराव अडवणारी रिटेनिंग वॉल लागते. सरफेसमध्ये एकाच जागी दोन उंच्या बसत नाहीत, म्हणून भिंतीचा माथा आणि पाया स्टेप्ड ऑफसेटने, म्हणजे उंची बदलून काढलेल्या समांतर रेषेने, १ सेंटिमीटर आडव्या अंतरावर घेतले. फायर टेंडरच्या (अग्निशमन गाडीच्या) ९ मीटर त्रिज्येच्या वळणावर मिड-ऑर्डिनेट, म्हणजे कमान आणि तिच्या जागी घेतलेली सरळ रेषा यांतलं कमाल अंतर, १ मीटर होता. त्यामुळे कमानीच्या जागी सव्वाआठ मीटरच्या सरळ जीवा पडतात आणि कर्ब रस्त्यात घुसतो. तो १ सेंटिमीटर केला.

शेवटी सॉफ्टवेअरमधल्या 'वॉटर ड्रॉप'ने, म्हणजे पाणी कुठे वाहील ते दाखवणाऱ्या सोयीने, दूरच्या कोपऱ्यातून पाणी सोडून पाहिलं. गटाराची लांबी ९० मीटर, तळ २७.९६ पासून २७.६० पर्यंत, उतार पुरेसा. पण रॅम्पवरचं पाणी ग्रेटिंगच्या दीड मीटर आधीच वळून गेटच्या खांबाशी थांबत होतं. ताशी ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे या प्लॉटवर तासाला २०० घनमीटर पाणी. भरतीच्या वेळी खाडीकडची नाल्यांची तोंडं आधीच तुंबलेली असतात, त्यात खांबाशी साचलेलं पाणी कुठेच जात नाही. ग्रेटिंग ६ मीटर रुंदीभर, खांबापासून खांबापर्यंत आडवं घेतलं आणि त्याची पातळी आसपासच्या पेव्हरपेक्षा २ सेंटिमीटर खाली ठेवली.

बदललेले बिंदू सरफेसमधून न घेता थेट फीचर लाइनमधून काढून मुकादमाला पाठवले. त्याने ऑटो लेव्हलने बेंचमार्कपासून कर्बचा बिंदू पुन्हा तपासला, २८.६० आला, आणि दुपारी थांबलेली आखणी चालू झाली.