चालू भूकंपाचा अंदाज

मोबाइलवर येणारा भूकंपाचा इशारा हे भाकीत नसते. तो फोनच्या पडद्यावर उमटतो तेव्हा जमिनीखाली खडक तुटायला सुरुवात झालेली असते आणि मोठ्या भूकंपात ते तुटणे अजून थांबलेलेही नसते. अमुक दिवशी अमुक वेळी भूकंप होणार असे सांगणारी कोणतीही शास्त्रीय पद्धत आज जगात नाही. मोठ्या भूकंपानंतर ‘आज रात्री पुन्हा हादरा बसणार’ असे जे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात त्यांना कसलाही आधार नसतो, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. इशारा देणारी यंत्रणा वेगळे काम करते. सुरू झालेला भूकंप किती मोठा होईल याचा अंदाज ती बांधते आणि हादरा जिथे अजून पोहोचलेला नाही तिथल्या लोकांना तो कळवते. या यंत्रणेवर किती विश्वास ठेवावा आणि ती चुकली तर तिला किती दोष द्यावा, हे ठरवताना तिच्या कामाचे हे स्वरूप लक्षात घेतले जात नाही असे मला वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

भूकंपनाभीपासून, म्हणजे जमिनीखाली जिथे खडक तुटायला सुरुवात होते त्या जागेपासून, मुख्यतः दोन प्रकारच्या लहरी खडकांतून पसरतात. प्राथमिक लहरी सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने जातात आणि बहुधा हलका धक्का देऊन पुढे सरकतात. दुय्यम लहरींचा वेग सेकंदाला साधारण ३.५ किलोमीटर असतो, पण इमारती हलवण्याची आणि पाडण्याची शक्ती प्रामुख्याने त्यांच्यात आणि त्यांच्या मागून येणाऱ्या पृष्ठीय लहरींत असते. तारेतून किंवा हवेतून जाणारा विजेचा संकेत या सगळ्या लहरींना सहज मागे टाकतो. इशाऱ्याचे सारे शास्त्र वेगांच्या या फरकावर उभे आहे आणि ही कल्पना बरीच जुनी आहे. १८६८ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ झालेल्या भूकंपानंतर जे. डी. कूपर या डॉक्टरांनी तिथल्या एका वर्तमानपत्रात सुचवले होते की शहरापासून दूर अंतरावर हादरा ओळखणारी उपकरणे बसवावीत आणि त्यांच्याकडून तारयंत्रामार्फत शहरातली एक मोठी घंटा वाजवली जावी. त्या काळात ते घडले नाही, परंतु आज वापरात असलेल्या यंत्रणांचा मूळ विचार तोच आहे.

आता थोडे गणित करू, कारण त्याशिवाय या सोयीची खरी मर्यादा कळत नाही. समजा, पहिली प्राथमिक लहर जवळच्या उपकरणापर्यंत पोहोचणे, तिची खातरजमा, गणन आणि संदेश फोनपर्यंत जाणे या सगळ्याला मिळून ८ सेकंद लागले. अपिकेंद्रापासून, म्हणजे भूकंपनाभीच्या थेट वर जमिनीवर असलेल्या ठिकाणापासून, १०० किलोमीटरवर असलेल्या माणसाकडे दुय्यम लहर सुमारे २८ सेकंदांनी येते, म्हणजे त्याला २० सेकंद मिळतात. ६० किलोमीटरवर ९ सेकंद उरतात. २८ किलोमीटरवर मात्र लहर आणि संदेश एकदमच पोहोचतात आणि त्याहून जवळ संदेश मागे पडतो. ज्या भागात हादरा सर्वांत जोराचा असतो, नेमक्या त्याच भागाला हा इशारा वेळेवर मिळत नाही. उपकरणे दाट बसवून आणि गणन जलद करून हे वर्तुळ लहान करता येते, पण ते पूर्णपणे पुसता येत नाही. ही मर्यादा यंत्रणा चालवणाऱ्यांनी लोकांना ठळकपणे सांगायला हवी. ती सांगितली जाते त्याहून पुष्कळ अधिक ठळकपणे सांगायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मर्यादेचे दोन्ही चेहरे मेक्सिकोने एकाच महिन्यात, सप्टेंबर २०१७ मध्ये, पाहिले. १९ सप्टेंबर १९८५ रोजी पॅसिफिक किनाऱ्यावर झालेल्या भूकंपाने साडेतीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या मेक्सिको सिटीत हजारो बळी घेतले, कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेला आहे आणि तो गाळ हादरा वाढवतो. इतके अंतर म्हणजे इशाऱ्यासाठी भरपूर वेळ, हे ओळखून १९९१ साली तिथली यंत्रणा सुरू झाली. ७ सप्टेंबर २०१७ च्या रात्री चियापासच्या किनाऱ्यापलीकडे ८.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा राजधानीतील लोकांना एका मिनिटाहून अधिक वेळ मिळाला. त्यानंतर बाराच दिवसांनी, १९ सप्टेंबरला, १९८५ च्या स्मरणार्थ होणारा सराव सकाळी ११ वाजता पार पडला आणि दुपारी सव्वाच्या सुमारास ७.१ तीव्रतेचा खरा भूकंप झाला. या वेळी अपिकेंद्र शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवरच होते, आणि शहराच्या बऱ्याच भागांत भोंगे वाजू लागले तेव्हा जमीन हलायला लागलेली होती.

अशा यंत्रणेसाठी शेकडो भूकंपमापक, त्यांना जोडणारे जाळे आणि ते वर्षानुवर्षे चालवण्याचा खर्च लागतो. त्यामुळे भूकंपप्रवण असूनही पुष्कळ देशांना ती परवडलेली नाही. इथे मोबाइलचे दुसरे रूप महत्त्वाचे ठरते. फोन आडवा धरल्यावर पडदा फिरवणारा त्वरणमापक जमिनीचा हादराही टिपू शकतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१६ मध्ये ‘मायशेक’ हे अ‍ॅप याच तत्त्वावर आणले आणि गूगलने २०२० पासून ते तत्त्व अँड्रॉइड प्रणालीतच समाविष्ट केले. टेबलावर स्थिर पडून असलेला फोन अचानक प्राथमिक लहरीसारखी हालचाल नोंदवतो आणि आपल्या ढोबळ ठिकाणासह तसा संकेत सर्व्हरकडे पाठवतो. एका फोनच्या नोंदीला काही अर्थ नसतो, कारण तो कोणाचा तरी धक्का लागूनही हलू शकतो. पण एकाच परिसरातील असंख्य फोन लहरीच्याच वेगाने एकामागून एक हलू लागले की भूकंप ओळखता येतो. कोणत्याही सरकारने एकही उपकरण न बसवता ही सोय ९८ देशांत पोहोचली, ही गोष्ट मला या क्षेत्रातील अलीकडची सर्वांत मोलाची वाटते. तिच्यात उणीवही आहे. फोन जिथे माणसे आहेत तिथेच असतात, त्यामुळे समुद्राखाली किंवा निर्जन भागात सुरू झालेला भूकंप त्यांना उशिराच कळतो.

मात्र सर्वांत अवघड प्रश्न भूकंप ओळखण्याचा नसून त्याचा आकार ठरवण्याचा आहे. लहान भूकंपात भ्रंशावरील, म्हणजे जमिनीखालच्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे, खडक एखाद्या सेकंदात सरकून थांबतात. फार मोठ्या भूकंपात हे तुटणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कित्येक किलोमीटर पुढे सरकत राहते आणि त्याला दीड-दोन मिनिटेही लागू शकतात. पहिल्या तीन-चार सेकंदांच्या नोंदींवरून तो पुढे किती वाढेल हे खात्रीने सांगता येत नाही. यंत्रणा थांबून पाहत राहिली तर अंदाज सुधारतो, पण लोकांच्या हातातले सेकंद निघून जातात. आणि लगेच बोलली तर ती अर्ध्या भूकंपाविषयी बोलत असते. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या हवामान संस्थेने पहिल्या नोंदीनंतर ८.६ सेकंदांतच सार्वजनिक इशारा दिला. वेगाच्या दृष्टीने ते उत्तम काम होते, आणि किनाऱ्याजवळच्या सेंदाई शहराला त्यामुळे थोडा तरी अवधी मिळाला. परंतु त्या वेळचा अंदाज ७.२ तीव्रतेचा होता आणि प्रत्यक्षात तो भूकंप ९.० पर्यंत गेला, म्हणून टोकियोच्या परिसराला जोरदार हादरे बसूनही तो भाग इशाऱ्यातून वगळला गेला.

तुर्कस्तानात याची किंमत फार मोठी होती. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तुर्कस्तान व सीरिया मिळून पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. गूगलची यंत्रणा तेव्हा तिथे चालू होती आणि तिने भूकंप ओळखलाही होता, परंतु त्याची तीव्रता ४.५ ते ४.९ इतकीच धरली. एका एककाच्या फरकाने मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही चूक ऊर्जेच्या हिशेबात वीस हजार पटींहून मोठी ठरते. या यंत्रणेचे इशारे दोन प्रकारचे असतात. ‘बी अवेअर’ हा सौम्य हादऱ्यासाठीचा संदेश साध्या सूचनेसारखा येतो आणि फोन शांत ठेवलेला असेल तर तो त्याचा मान राखतो. ‘टेक अ‍ॅक्शन’ हा इशारा मात्र पूर्ण पडदा व्यापतो आणि फोन शांत असला तरी मोठ्याने वाजतो. त्या पहाटे हा दुसरा इशारा केवळ ४६९ फोनांवर गेला आणि सौम्य संदेश सुमारे पाच लाख फोनांवर. पहाटे चार वाजता झोपलेल्या माणसाला जागे न करणारा संदेश मिळणे आणि काहीच न मिळणे यांत व्यवहारात फारसा फरक नसतो. पुढे कंपनीच्या संशोधकांनी सुधारित गणनपद्धतीवर हाच भूकंप पुन्हा चालवून पाहिला तेव्हा जोराचा इशारा एक कोटी फोनांवर गेला असता असे दिसून आले. ही सुधारणा झाली हे चांगलेच आहे. पण घटना आणि तिची जाहीर कबुली यांत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. ज्या यंत्रणेवर लोक आपला जीव सोपवतात तिच्या अपयशाचा हिशेब इतका उशिरा मिळू नये, मग ती सरकारी असो वा खासगी.

याच्या उलट बाजूची चूक म्हणजे खोटा इशारा. ५ जानेवारी २०१८ रोजी जपानमध्ये दोन दूरच्या ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी झालेले भूकंप यंत्रणेने एकच समजले आणि टोकियो परिसरातील फोन विनाकारण खणखणले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये न झालेल्या भूकंपाचा इशारा गेल्यावर गूगलने तिथली सेवा थांबवली. एकंदर प्रमाण पाहता मात्र अशा चुका थोड्याच आहेत. गूगलच्या यंत्रणेने पहिल्या तीन वर्षांत १,२७९ घटनांसाठी इशारे दिले आणि त्यांतले तीन खोटे होते. दोन वेळा मेघगर्जनेने फोन हादरले होते आणि एकदा एकाच वेळी असंख्य फोनांवर आलेल्या दुसऱ्याच एका सूचनेच्या कंपनाने. इशारा मिळाल्याचे कळवणाऱ्यांपैकी ३६ टक्के लोकांना तो हादऱ्यापूर्वी, २८ टक्क्यांना हादरा चालू असताना आणि २३ टक्क्यांना नंतर मिळाला. हे आकडे मला प्रामाणिक वाटतात आणि बरेच आशादायकही.

खोट्या इशाऱ्याने माणूस दचकतो, पायऱ्यांवरून धावला तर पडूही शकतो, आणि वारंवार घडले तर लोक इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू लागतात; हे नुकसान मी क्षुल्लक मानत नाही. तरीही दोन चुकांपैकी एक निवडायचीच असेल तर गरज नसताना आलेला इशारा मी पत्करेन. इशारा आला आणि हादरा हलकाच जाणवला, तर बहुतेक वेळा यंत्रणा खोटी ठरलेली नसते. भूकंप झालेला असतो, फक्त आपल्या जागी त्याचा जोर कमी पडलेला असतो. असा एखादा अनुभव आल्यावर चिडून ही सोय कायमची बंद करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी ती पुन्हा चालू करावी.

संदेश पोहोचवण्याच्या मार्गाबद्दल थोडक्यात. साधा एसएमएस या कामाचा नाही, कारण तो एकेका क्रमांकावर जातो आणि लाखो संदेश असले की रांग लागते. जपान आणि अमेरिकेत सेल ब्रॉडकास्ट वापरतात, ज्यात मोबाइलचा मनोरा आपल्या टप्प्यातील सर्व फोनांना एकाच वेळी संदेश देतो आणि फोनमध्ये कोणतेही अ‍ॅप असण्याची गरज नसते. मेक्सिकोनेही १९ सप्टेंबर २०२५ च्या सरावात देशभरातील फोनांवर असा इशारा पाठवून पाहिला. अँड्रॉइडचा इशारा इंटरनेटवरून येतो, म्हणून वाय-फाय किंवा मोबाइल डेटा आणि लोकेशन चालू असावे लागते.

मिळालेल्या आठ-दहा सेकंदांत विचार करायला वेळ नसतो, त्यामुळे काय करायचे ते आधीच ठरलेले हवे. घरात असाल तर गुडघ्यांवर खाली या, भक्कम टेबलाखाली डोके आणि मान झाका, टेबलाचा पाय धरून राहा. पलंगावर असाल तर तिथेच राहून डोक्यावर उशी घ्या. अंधारात फुटलेल्या काचांवरून चालल्याने जखमा होतात. वरच्या मजल्यावरून जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नका. गॅस हाताशी असेल तर बंद करा, नसेल तर त्यासाठी सेकंद घालवू नका. गाडी चालवत असाल तर वेग हळूहळू कमी करून मोकळ्या जागी कडेला थांबा, कारण मागच्या चालकाला इशारा मिळालेला असेलच असे नाही. उघड्यावर असाल तर भिंती आणि विजेच्या तारांपासून दूर जा.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ या भागात ‘अर्थक्वेक अलर्ट्स’ हा पर्याय आहे आणि त्यातच इशारा कसा दिसतो व वाजतो याचे प्रात्यक्षिकही मिळते. ते घरातील प्रत्येकाला एकदा ऐकवावे, विशेषतः मुलांना आणि वृद्धांना. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी फोनचे कंपन आणि फ्लॅश चालू करून ठेवावेत, आणि रात्री फोन उशीजवळ नसला तरी हाकेच्या अंतरावर असू द्यावा. मोठ्या भूकंपानंतर तो चार्ज केलेला ठेवणे अधिकच महत्त्वाचे असते, कारण त्यानंतरचे धक्के आधीच तडे गेलेल्या इमारतींना बसतात. ६ फेब्रुवारी २०२३ च्या त्याच दुपारी तुर्कस्तानात ७.५ तीव्रतेचा दुसरा भूकंप झाला, तेव्हा जोराचा इशारा ८,१५८ फोनांवर आणि सौम्य संदेश सुमारे चाळीस लाख फोनांवर पोहोचला होता.