मक्याच्या मुलखातला म्हातारा

कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅब सांभाळणाऱ्या माणसाला अमेरिकेतल्या सिनेटरचं काय पडलंय, असं आमच्या घरी विचारतात. पडलंय ते पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमुळं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली आणि आमच्या शिफ्टमध्ये जो तो मक्यावर बोलायला लागला. मक्याचं इथेनॉल म्हटलं की अमेरिकेतलं आयोवा राज्य, आणि आयोवा म्हटलं की तिथला सिनेटर चक ग्रासली.

जन्म १९३३ चा, घरची शेती. १९५९ ला राज्याच्या विधानसभेत, १९७५ ला वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात आणि जानेवारी १९८१ पासून सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात. आठव्यांदा निवडून आला तेव्हा वय ८९. पक्ष रिपब्लिकन, विचारानं पक्का उजवा. पण १९९१ ला इराकवरच्या युद्धाला विरोध करणारे रिपब्लिकन सिनेटर दोनच होते, त्यातला एक हा.

आयोवात ९९ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. हा गडी दर वर्षी सगळ्या ९९ काउंट्यांत जाऊन येतो, निवडणूक असो वा नसो. मी हे कँटीनला सांगितलं तर चंदगडचा आमचा फिटर म्हणाला, "आमच्याकडं बारा तालुक्यांतला शेवटचा तालुका मतदानाच्या आधी पंधरा दिवस सापडतो." हसलो सगळे, पण तो काय हसला नाही.

घरचं गवत कापायच्या यंत्राला मागं आणखी दोन हातानं ढकलायची यंत्रं जोडून एका फेरीत तिप्पट पट्टा कापतो, हे वाचून तर आमच्या वर्कशॉपवाल्यांना तो आपल्यातलाच वाटला. १९९३ पासून नोव्हेंबर २०२० पर्यंत सिनेटमधलं एकही मतदान चुकवलं नाही. शेवटी कोरोनानंच घरी बसवलं.

मला त्याचं सगळ्यात पटणारं काम १९८६ चं आहे. लिंकनच्या काळात, १८६३ ला, सरकारला गंडवणाऱ्या ठेकेदारांविरुद्ध एक कायदा झाला होता. तो पुढं बोथट झाला. ग्रासलीनं दुसऱ्या पक्षाच्या, डेमोक्रॅट हॉवर्ड बर्मनला बरोबर घेऊन त्याला पुन्हा धार लावली. कंपनीतलाच माणूस खोट्या बिलांविरुद्ध सरकारच्या वतीनं कोर्टात जाऊ शकतो, आणि वसुली झाली तर साधारण १५ ते ३० टक्के वाटा त्याला मिळतो. नुसतं 'प्रामाणिक राहा' म्हणून कोण नोकरी पणाला लावतंय? वाटा ठेवला म्हणून माणसं पुढं आली, आणि ७५ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम सरकारजमा झाली. वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला यातली गंमत कळेल.

पण म्हाताऱ्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. २०१६ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश स्कॅलिया वारले, त्या जागेसाठी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मेरिक गारलंड यांचं नाव दिलं. अशी नावं तपासणाऱ्या सिनेटच्या न्याय समितीचा अध्यक्ष ग्रासली. सुनावणीच घेतली नाही. निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू दे, असं कारण. नाव मार्चमध्ये आलेलं, मतदान नोव्हेंबरात. पुढं २०२० ला निवडणूक आठवड्यावर असताना त्याच न्यायालयासाठी त्याच्याच पक्षाच्या ट्रम्प यांनी दिलेल्या एमी बॅरेट यांच्या नावावर सिनेटमध्ये मतदान झालं, तेव्हा ह्यानंही हात वर केला. आपल्याकडं याला 'आमचं ठरलंय' म्हणतात. गावोगाव फिरून कमावलेली पत तिथं पक्षाच्या हिशेबात खर्ची पडली, असं माझं मत.

इथेनॉलवर मात्र तो कधी हलला नाही. पेट्रोलमध्ये ठरावीक जैवइंधन मिसळलंच पाहिजे हा अमेरिकेचा नियम २००५ चा. तेल कंपन्यांनी त्याला हात लावायचा म्हटलं की हा उभाच, मग राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या पक्षाचा का असेना. आज आयोवातला निम्म्याहून जास्त मका इथेनॉलला जातो. आमच्याकडं धोरण हंगामाच्या मध्यात फिरतं आणि टाक्या रिकाम्या ठेवून आम्ही परिपत्रकाची वाट बघतो.

त्याची मुदत जानेवारी २०२९ ला संपते, तेव्हा तो ९५ चा असेल. नातू पॅट आयोवाच्या विधानसभेचा अध्यक्ष आहे, हेही मी परवा सांगून टाकलं.

"मग तिकिटाचं काय विचारायचं," फिटर म्हणाला, "तिथंबी आपलंच चाललंय की."