तुम्ही विचारलंत म्हणून: औषध गावलं की नाही?

वेंगुर्ल्याला घरी गेले की पहिला प्रश्न ठरलेला. नारळ पाडायला येणारे तात्या तर अंगणात पाऊल टाकायच्या आधीच, "मगे काय गो, गावला काय औषध?" मी कॅन्सरच्या औषधासाठी सायक्लिक, म्हणजे कड्यासारखे, पेप्टाइड डिझाइन करते हे आईने गावभर केलंय, पुढचं कुठे सांगत बसायचं म्हणून आजवर हसून टाळलं. पण आता मेसेजमध्येपण तेच यायला लागलं, म्हणून लिहितेच.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रोटीनचं धाकटं भावंड. सरळ साखळी शरीरात सोडली की एन्झाइम तिला टोकाकडून कुरतडायला घेतात, सुंभाचं टोक मोकळं राहिलं की पीळ सुटत जातो ना, तसंच. टोकाला टोक जोडून कडं केलं की कुरतडायला टोकच नाही. (मधून कापणारे महाभागपण असतात, ते वेगळं दुखणं.) शिवाय सरळ साखळी सारखी वळवळते, कडं जरा आकार धरून राहतं, म्हणून हव्या त्या प्रोटीनला घट्ट बसू शकतं. तात्यांना मी त्यांच्याच पायातलं दोरीचं कडं दाखवून हे सांगितलं, तर म्हणाले, "माप बरोबर व्हया, नायतर खाली."

अगदी बरोबर! आपल्या शरीरातलं सोमॅटोस्टॅटिन हे 14 अमिनो आम्लांचं हार्मोन, त्यात कडं आहेच, तरी रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं संपतं. मग लोकांनी कडं लहान केलं, दोन अमिनो आम्लं आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी घातली, आणि 8 अमिनो आम्लांचं ऑक्ट्रिओटाइड झालं, ते दीड तासाच्या आसपास टिकतं. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरमध्ये (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठी) ते वापरतात, आणि त्याच्याच सख्ख्या भावाला किरणोत्सारी ल्युटेशियम बांधून थेट गाठीपर्यंत पोचवतात. मला विचाराल तर या क्षेत्रातलं सगळ्यात देखणं काम हेच.

आणि सगळ्यात वाईट वाटतं ते सिलेंजिटाइडचं. फक्त 5 अमिनो आम्लांचं कडं, गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांवरच्या इंटिग्रिन नावाच्या प्रोटीनला काय सुंदर चिकटायचं! ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवर पाचशेहून जास्त पेशंटमध्ये चाचणी झाली, 2014 ला निकाल छापून आला, आयुष्य वाढलं नाही. म्हणून कॉम्प्युटरवर चांगलं बसलं की पेढे वाटायचे नाहीत हे मी शिकले.

तर तात्या, नाय गावला. माझं सध्याचं कडं 7 अमिनो आम्लांचं आहे, प्रोटीनला छान बसतं पण पेशीच्या आत काही जात नाही, कारण पेशीचं आवरण तेलकट आणि माझ्या कड्यातले एनएच (नायट्रोजन-हायड्रोजनच्या जोड्या, पाण्याला धरून बसणाऱ्या) पाणी सोडायला तयार नाहीत. सायक्लोस्पोरिनमध्ये 11 पैकी 7 ठिकाणी निसर्गानेच एनएचमधल्या हायड्रोजनच्या जागी मेथिल (कार्बनचा छोटा गट) बसवलेत (ते कॅन्सरचं नाही, किडनी बदलल्यावर देतात ते), तीच नक्कल मी दोन जागी करून बघतेय. बनवायला टाकलंय, पावसाच्या आधी हातात आलं तर बरं.