पहाटे चादर, दुपारी पंखा

माघ वद्य, शेवटचा आठवडा

सोलापुरात दोनच ऋतू, एक उन्हाळा आणि दुसरा कडक उन्हाळा, असं आमच्याकडे पाहुण्यांना हसत हसत सांगतात. मला ते कधीच पटलं नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, स्वेटर घालून फिरणारं हेच शहर, आणि चैत्रात दुपारी बारानंतर दारं लावून बसणारंही हेच. या दोन टोकांच्या मधले आठवडे कोणी हिशेबातच धरत नाही. यंदा ते लिहून ठेवायचं मनावर घेतलंय.

सध्या पहाटे पाचला चादर मानेपर्यंत ओढून घ्यावी लागते आणि दुपारी दोनला गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. किमान १७ च्या आसपास, कमाल ३५. एकाच दिवसात इतका फरक. मुंबईच्या नणंदेला फोनवर सांगितलं तर तिला खरं वाटत नाही, कारण तिच्याकडे समुद्र दिवसाला फार तापू देत नाही आणि रात्रीला फार निवू देत नाही. आम्ही समुद्रापासून लांब, सह्याद्रीच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत. पठाराची उंची साडेचारशे मीटरच्या पुढे. हवेत बाष्प नाही, आभाळ लख्ख. दिवसभर जमीन जेवढं ऊन पिते तेवढं रात्री उघड्या आभाळाला परत देऊन टाकते.

ऋतू बदलल्याची पहिली खबर आमच्या घरात सुताकडून यायची. सासरे, म्हणजे आमचे मामा, पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमागावर होते. आता घरीच असतात, पण माघ सरत आला की अजूनही हाताची बोटं एकमेकांवर घासून हवा बघतात. कापसाच्या धाग्याला ओल लागते. हवा कोरडी पडली की धाग्यातला जोर जातो आणि ताण्याचे, म्हणजे मागावर लांबीत ताणलेले, धागे तुटायला लागतात. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू करायचा. जेवढा माल निघेल तेवढी मजुरी, त्यामुळे प्रत्येक तुटलेला धागा खिशातून जायचा. मग जमिनीवर पाणी मारायचं, खिडक्यांना ओली पोती लावायची. मामा सांगतात, तेव्हा पारा चढायच्या आधी आठ-दहा दिवस मागच बोलायचा.

शेजारच्या अक्कांचंही तेच. त्या विड्या वळतात. तेंदूचं पान भिजवून मऊ केल्याशिवाय वळत नाही, आणि भिजवलेली पानं ओल्या फडक्यात बांधून ठेवावी लागतात. आज संध्याकाळी दारात बसल्या होत्या, म्हणाल्या, "बसा की जरा. बघा, फडकं दोनदा ओलं केलं तरी पान तडकायलंय." हजार विड्यांवर मजुरी, त्यात तडकलेली पानं बाजूला पडतात. सुरी किंवा कात्रीपेक्षा हवेशीच जास्त झगडा चाललाय त्यांचा या दिवसांत.

उन्हाळा म्हटलं की आपण पाऱ्याकडे बघतो. माझं म्हणणं, सोलापुरात आधी ओल जाते, मग ऊन येतं. हे मला या दोन माणसांनी शिकवलं.

महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

"महाशिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत निघून जाते." आई म्हणायची, सासूबाई म्हणतात, आणि अक्का तेलुगूत नेमकं हेच म्हणतात. पूर्व भागात तेलुगू, दक्षिणेला कन्नड, मधे मराठी असं हे शहर, पण थंडीला निरोप सगळ्यांनी एकाच देवाच्या नावाने दिलेला. काल सिद्धेश्वराच्या देवळात दर्शनाला गेलो तेव्हा तळ्यावरून येणारा वारा चांगलाच गार होता. आज पहाटे तर काल नव्हता एवढा गारठा.

म्हण चुकली असं मी म्हणणार नाही. महाशिवरात्र चांद्र महिन्यांनी येते, ती मागेपुढे सरकते. २०२३ मध्ये ती १८ फेब्रुवारीला होती, २०२४ मध्ये ८ मार्चला. अठरा-एकोणीस दिवसांचा फरक, आणि सोलापुरात फेब्रुवारीचा मध्य आणि मार्चचा पहिला आठवडा म्हणजे दोन वेगळ्या हवा. म्हणीने तारीख सांगितलेली नाही, दिशा सांगितली आहे. थंडी जाते ती सरळ जात नाही. उत्तरेत हिमालयाकडे पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारं हिवाळी वादळी हवामान, येऊन गेला की त्याच्या मागून कोरडे गार वारे खाली दख्खनपर्यंत घसरतात, आणि कपाटात ठेवलेली चादर परत बाहेर काढावी लागते. दोन दिवसांनी वारा फिरतो, आणि रात्री एकदम पंखा लावावा लागतो.

या अशा दिवसांत घरातली लहान मुलं आणि म्हातारी माणसं खोकतात. मामांना रात्री पंखा सोसत नाही, नातवाला पंख्याशिवाय झोप येत नाही. शेवटी मामांची खाट दिवाणखान्यात लावली.

फाल्गुन शुद्ध, तिथी बघितली नाही

पंचांगात अजून शिशिर आहे. वसंत चैत्राला लागतो. पण आमच्या गल्लीतला कडुनिंब पंचांगासाठी थांबलेला नाही. खाली पिवळ्या पानांचा सडा आणि वर फांद्यांच्या टोकाला तांबूस, तुकतुकीत कोवळी पालवी, एकाच झाडावर, एकाच आठवड्यात. दुपारी जुनी पानं गळतात त्याचा आवाज येतो. सकाळी झाडून काढलेलं अंगण संध्याकाळपर्यंत पुन्हा भरतं. सफाईला येणाऱ्या मावशी कंटाळल्या आहेत, त्यांचं चुकत नाही.

मला या झाडाचं फार वाटतं. पाऊस यायला अजून तीन महिने आहेत. विहिरी खाली चालल्यात, नळाला पाणी काही दिवसांआड. अशा वेळी नवी पानं काढायची म्हणजे मुळं किती खोल गेली असतील! करंजाचंही तसंच, दहा-बारा दिवस बोडका उभा राहतो आणि मग असा कोवळा हिरवा होतो की रस्त्याच्या त्या टोकावरूनही दिसतो. पांगाऱ्याला पान नाही, नुसती लाल फुलं आणि त्यात साळुंक्यांचा गोंगाट. तांबट पक्षी भर दुपारी टुक टुक टुक लावून धरतो, कोणी ऐको न ऐको.

वसंत म्हणजे गारवा, दव, फुलांचे ताटवे असं शाळेच्या पुस्तकात वाचलेलं डोक्यात बसलंय, म्हणून आपल्याला आपला वसंत ओळखू येत नाही. इथला वसंत तापलेल्या जमिनीवर येतो. रात्री नऊनंतर जरा वारा सुटला की निंबाच्या कोवळ्या मोहराचा गोडसर वास येतो. तो वास ज्याने घेतला त्याने सोलापुरात वसंत नाही असं म्हणू नये, एवढंच माझं मागणं आहे.

होळी

होळी जळाली, थंडी पळाली. यंदा खरंच पळाली. सगळ्या चादरी धुतल्या, दोन तासांत कडकडीत वाळल्या, बोचक्यात बांधून माळ्यावर गेल्या. एक खाली ठेवली आहे, मामांसाठी.

रंगपंचमीचा आदला दिवस

सकाळी दहापर्यंत ऊन चटचटत होतं. दुपारी तीनला ईशान्येकडून ढग चढले. वारा अचानक थांबला, उकडायला लागलं, आणि सोलापूरच्या माणसाला असा ओलसर उकाडा नवीन असतो. मोबाईलवर मेघगर्जनेसह पावसाचा यलो अलर्ट आला. साडेतीनला आण्णाचा, माझ्या थोरल्या भावाचा, मंगळवेढ्याकडून फोन.

"तिकडं आभाळ कसंय?"

"काळं आहे. तुझ्याकडे?"

"हिकडं वारं सुटलंय. कणसं मोडून खळ्यावर पडल्यात, मळणीयंत्र उद्या येणार हाय. ताडपत्री दोनच हायती."

पुढे बोलणं झालंच नाही. त्याला धावायचं होतं.

ज्यांची ज्वारी शेतात आहे त्यांनाच कळतं या एका तासाचं मोल. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पावसावर वाढत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसाची ओल त्या खोल काळ्या रानात मुरलेली असते, तेवढ्यावर पेरायची आणि थंडीच्या जोरावर पोसायची. मग माघ-फाल्गुनात ताटं हाताने उपटायची, बाया बसून कणसं मोडतात, कडब्याच्या पेंढ्या बांधतात. चार-पाच महिने ज्या पिकाला पाऊस नको होता, त्याच्यावर शेवटच्या दोन दिवसांत तो पडला तर दाणा काळा पडतो. भाव उतरतो. कडबाही काळवंडतो, मग जनावर तोंड लावत नाही, आणि उन्हाळ्यातल्या चाऱ्याची सगळी भिस्त त्यावरच. पंढरपूर, नान्नजकडचे द्राक्षवाले याच दिवसांत बेदाणा शेडमध्ये वाळत घालतात. ज्या कोरड्या हवेने मामांचं सूत तुटायचं, तीच हवा त्यांना हवी असते, आणि तीही आज फिरली.

हे असं का होतं ते मी नीट समजून घेतलंय. या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या आतल्या भागातून खाली दक्षिणेपर्यंत हवेच्या कमी दाबाची एक लांब पट्टी तयार होते. बातम्यांत तिला द्रोणीय स्थिती म्हणतात. तिच्या एका अंगाला वायव्येचे कोरडे वारे, दुसऱ्या अंगाला बंगालच्या उपसागरावरून आलेली ओली हवा. खाली जमीन तापलेली. ही ओली हवा झपाट्याने वर जाते, उंचावरच्या गारठ्यात थेंब गोठतात, आणि वर ढकलणारा वारा जोरात असेल तर गारा होऊन खाली येतात. ती पट्टी कधी लातूर-धाराशिवकडे, कधी आमच्यावर, कधी कलबुर्गीकडे सरकते. म्हणून अंदाज जिल्ह्याचा मिळतो आणि पाऊस एका शिवारात पडतो. शेजारच्या गावाला धुरळा.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, ती आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. द्राक्षाचे मांडव आडवे झाले, डाळिंबं फुटली, रानात पांढरा थर. तेव्हापासून मार्चमध्ये ढग आले की आण्णाचा आवाज बदलतो. शहरात मात्र आज संध्याकाळी लोक गच्चीवर येऊन "मस्त वातावरण झालंय" म्हणत फोटो काढत होते. मला राग आला नाही, उकाड्याने सगळेच हैराण होते. पण त्या गार वाऱ्यात उभं राहताना मला बरं वाटेना.

सोलापुरात फक्त शिंतोडे आले. रात्री दहाला आण्णाचा दोन शब्दांचा निरोप: "वीस मिनिटं."

गुढीपाडवा

कमाल ३९. पहाटेचा गारवा आता गुढी उभारेपर्यंतच टिकतो. निंबाची फुलं गल्लीतल्याच झाडाची, गुळात घालून सगळ्यांना दिली. अक्कांच्या घरी उगादी, त्यांनी वाटीभर पच्चडी पाठवली, त्यात कैरी, चिंच, गूळ आणि तीच निंबाची फुलं. मामांनी दोन्ही खाल्लं आणि दुसऱ्याची वाटी चाटून पुसून परत केली. माठ काढला, वाळू ओली करून त्यावर बसवला. ज्वारीची आंबील आजपासून रोज.

आण्णा दुपारी आला. बरोबर दोन पोती. एक पांढरं शुभ्र, ताडपत्रीखाली राहिलेलं. दुसऱ्यातले दाणे काळपट ठिपक्यांचे, ते त्याने विकायला नेलेच नाहीत. "घरी खायला चालतंय की," म्हणाला. वहिनीने त्याच पिठाची कडक भाकरी करून दिली होती, शेंगाचटणीबरोबर खाल्ली. चव जराशी उतरलेली, पण खुसखुशीत. कडब्याचा अर्धा ढीग मात्र गेला. म्हशींसाठी वैशाखात विकत घ्यावा लागणार, आणि तोपर्यंत भाव चढलेला असणार.

जेवण झाल्यावर मामा आणि आण्णा बराच वेळ बोलत बसले. मामांनी विचारलं, खळ्यावर कणसं किती दिवस पडून होती. आण्णा म्हणाला, तीन, कारण आसपासच्या गावांत मळणीयंत्र एकच आणि सगळ्यांची सुगी एकदम. पुढच्या सुगीला कणसं मोडली त्याच दिवशी मळणी करायची, असं त्याने ठरवलंय. यंत्रवाल्याला त्याने आत्ताच सांगून ठेवलंय, आणि जाताना बाजारातून मोठ्या ताडपत्र्या घ्यायच्या म्हणून मला लवकर निघ म्हणाला. चारला त्याच्याबरोबर निघाले. ऊन अजून डोक्यावर होतं.