माशांच्या ४०७ चं खालचं लोखंड गंजापासून वाचवलं, माझा अनुभव

आमची ४०७, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, माशांच्या धंद्यात आहे. भाऊच्या धक्क्यावरून, कधी ससून डॉकवरून माल उचलायचा आणि दादर, ठाणे, कल्याणच्या मार्केटला टाकायचा, बाबांच्या काळापासून हेच चाललंय. गाडी सीएनजी, दहा वर्षांच्या पुढची, इंजिनाची काही तक्रार नाही, गिअरबॉक्स पण मस्त. पण माशाच्या गाडीचं आयुष्य इंजिनावर नसतं, ते खालच्या लोखंडावर असतं, आणि तिकडे वाकून कोणी बघत नाही. त्यात ८ वर्षांपुढच्या धंद्याच्या गाडीला फिटनेस तपासणी दरवर्षी, म्हणजे चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) सडली तर धंदाच बंद. म्हणून यंदा उन्हाळ्यात मी खालचं पूर्ण काम काढलं, ते कसं केलं ते सविस्तर लिहितोय, कारण धक्क्यावर उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांची हालत मला दिसते.

आधी कारण नीट समजून घ्या. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. क्रेट त्याच पाण्यात खळबळून गाडीत चढतात, वर बर्फ वितळतो, माशाचा चिकटा त्यात मिसळतो आणि हे सगळं हौद्याच्या (माल ठेवायच्या मागच्या भागाच्या) फटींमधून टपटप चेसिसवर पडत राहतं. पाणी सुकतं पण मीठ कुठे जातं? ते तिथेच बसतं. आणि हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून आपणहून ओलं होतं. पावसाळ्यात मुंबईची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, म्हणजे गाडी शेडखाली उभी असली, तिच्यावर पावसाचा थेंब पडला नसला तरी खालचं लोखंड रात्रभर ओलंच. गंज थांबतच नाही.

मला सगळ्यात आधी हे पटलं की खालच्या लोखंडाला गंजरोधक काळा कोट मारणं हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही. जो तो विचारतो कोणतं कोटिंग मारलं, मिठाबद्दल कोणी विचारत नाही.

मे महिना निवडला तो मुद्दाम. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, गाडीला काम कमी, म्हणून बरेच जण तेव्हा गाडी गॅरेजला लावतात. मला ते पटत नाही, कारण त्या दोन महिन्यांत लोखंड कोरडं मिळणारच नाही, आणि ओल्या लोखंडावर मारलेला प्राइमर म्हणजे ओल आतमध्ये कोंडणं. थोडा धंदा बुडाला तरी चालेल पण कडक ऊन असताना काम काढा.

वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या बाजूला आमचे जुने मिस्त्री आहेत, रत्नागिरीकडचे, मी त्यांना काका म्हणतो. गाडी पिटवर (खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर) घेतली आणि काकांनी हातोडी घेऊन एका टोकापासून चेसिस ठोकत नेली. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं धप्प बोलतं, आणि पोपडे खाली पडतात ते वेगळं. चेसिसचे दोन लांब चॅनल ठीक निघाले, त्यांना जोडणारा मागचा एक आडवा क्रॉस मेंबर गेलेला, सीएनजी टाकीच्या क्लॅम्पचे बोल्ट ओळखू येत नव्हते आणि ब्रेकच्या एका पाइपवर खड्डे पडलेले. ब्रेकचा पाइप लगेच बदलला, तिथे कोटिंग वगैरे काही नाही, खड्डे पडलेला ब्रेक पाइप रंगवून ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

पण खरी घाण दिसली हौदा उचलल्यावर. चेसिस आणि हौद्याच्या मध्ये लाकडी पट्टी असते, ती वर्षानुवर्षं खारं पाणी पिऊन स्पंजसारखी झालेली, आणि तिच्याखाली चेसिसच्या वरच्या अंगावर गंजाचे थर. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे पट्टी वर उचलली गेलेली आणि हौदा चेसिसला धरणारे यू-बोल्ट ताणलेले. हे खालून कधीच दिसलं नसतं. काका म्हणाले, "हौदा उचलल्याशिवाय माशाच्या गाडीचं काम म्हणजे वरवरचं." यू-बोल्ट ढिले करून चेनब्लॉकने हौदा उचलायला मेहनत आहे, लेबर वेगळं लागतं, पण एकच पैसा खर्च करायचा असेल तर मी इथे करेन.

मग धुणं. गोड्या पाण्याने, प्रेशरने, आणि एकदा नाही, धुवायचं सुकवायचं परत धुवायचं. चॅनलच्या आतल्या बाजूला, रिव्हेटच्या सांध्यात, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये, मडगार्डच्या वळलेल्या कडेत, जिथे मातीचा गोळा बसतो तिथे मीठ असतंच. प्रेशर मारताना क्रॉसिंग (प्रोपेलर शाफ्टचे सांधे), बेअरिंग, वायरिंगचे जोड यांवर सरळ धार धरायची नाही आणि धुऊन झाल्यावर ग्रीस भरायच्या सगळ्या निपलना ग्रीस मारायचं म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर येतं. एक खूण सांगतो, साफ करून चकचकीत केलेली जागा पाऊस नसताना एका रात्रीत पुन्हा नारिंगी झाली तर समजा मीठ अजून आत आहे, परत धुवा.

ग्राइंडरच्या आधी सीएनजीच्या टाक्या रीतसर माणसाकडून उतरवून घेतल्या. ठिणग्या उडणार, वेल्डिंग होणार, तिथे टाकी नको म्हणजे नको. तिची दर ३ वर्षांनी होणारी हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) जवळ आली होती, ती त्याच फेरीत झाली. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी पण काढल्या.

पोपडे चिपिंग हातोडीने, मग ग्राइंडरला तारेचा कप ब्रश, सांध्यात हाताने पॉलिश पेपर. ब्रश नागदेवी स्ट्रीटवरून आणले, तिथे सगळ्या मापाचे मिळतात. चष्मा आणि मास्क घालाच, ब्रशची तार तुटून उडते. क्रॉस मेंबर नवा बोल्टने बसवला. वेल्डर लांब चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीवर तुकडा मारू बघत होता पण काकांनी हात धरला. ती पट्टीच सगळा भार घेते, तिथे भोक नाही आणि वेल्डिंग नाही.

जिथे गंज घट्ट बसलेला आणि पातळ होता तिथेच फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं, त्याने गंज काळा पडतो आणि पुढचा थर धरतो. पोपड्यांवर ते लावून काही उपयोग नाही. त्यावर इपॉक्सी प्राइमरचे दोन हात, दोन डब्यांचं मिश्रण असतं ते, लागेल तेवढंच कालवायचं नाहीतर डब्यातच दगड होतो. काम दुपारी, लोखंड हाताला गरम लागत असताना. पहाटे लोखंडावर दव असतं, डोळ्याला दिसत नाही.

आता शेवटचा थर, आणि इथे माझा आणि काकांचा वाद झाला. काका जुन्या पद्धतीचे, इंजिनातलं काळं ऑइल फवारा म्हणाले. गरीब माणसाने वर्षानुवर्षं त्यावर गाड्या टिकवल्यात हे खरं, पण त्याने रबरी बुश आणि पाइप फुगतात, रस्त्याची धूळ चिकटून लगदा होतो आणि पहिल्याच पावसात ते गटारातून समुद्रात जातं, ज्या समुद्रावर आपलं पोट आहे. मी नाही म्हटलं आणि त्यांनी ऐकलं. दुसरा पर्याय रबरवालं जाड काळं कोटिंग. नव्या गाडीला ठीक आहे, पण जुन्या लोखंडावर त्याला कुठे चीर गेली की पाणी आत शिरतं, वरून सगळं काळं छान दिसतं आणि आत सडत राहतं. म्हणून मी मेणासारखा मऊ राहणारा थर घेतला. तो दगडाने खरवडला तरी पूर्ण सुटा होत नाही, आणि खाली काय चाललंय ते पुसून बघता येतं. दरवर्षी परत मारावा लागतो, ते मान्य. केबिनच्या खालच्या बंद पेटीत तोच लांब नळीने आत फवारला.

सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम, प्रोपेलर शाफ्ट, रबरी होज, ग्रीस निपल यांना काही लागू दिलं नाही. पाणी जायची भोकं आधी काडी घालून मोकळी केली, नंतर परत बघितली. चेसिस नंबरवर टेप लावून ठेवला, कारण फिटनेसला तो वाचता आला पाहिजे.

हौदा बसवताना जुनं लाकूड टाकून जाड रबरी पट्टी घातली. हौद्यातल्या फटी बुजवल्या, मागच्या कोपऱ्यांत दोन नळ्या बसवून सगळं पाणी चेसिसच्या बाहेर सोडलं. खर्च किरकोळ, पण माझ्या मते सगळ्या कामातला निम्मा फायदा या नळ्यांचा आहे.

रोजच्यासाठी एका जाड पाइपला ओळीने भोकं पाडून घेतलीत, गल्लीत जमिनीवर टाकायचा, नळ सोडायचा, गाडी त्यावरून हळू पुढे-मागे घ्यायची. धक्क्यावरून आल्यावर ड्रायव्हर हे करतोच, त्याला त्याचे वेगळे पैसे देतो. पाणीकपात असली तर निदान मागचा भाग तरी.

ऑक्टोबरमध्ये परत पिटवर घेतली. चेसिसचं वरचं अंग तसंच्या तसं, नवीन पोपडा नाही. मागच्या पाट्यांच्या यू-बोल्टजवळ मेण धुऊन गेलेलं आणि थोडी नारिंगी झाक होती, तेवढं घासून परत मारलं. टाकीच्या क्लॅम्पला बोल्ट नवे आहेत पण एक पट्टा जुनाच राहिलाय, तो दिवाळीनंतर बदलायचा आहे.