हरताळ न फासणारे प्राचार्य

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं पत्र आलं, ‘महाविद्यालयाविषयी चार शब्द लिहा’ म्हणून. इमारत, स्नेहसंमेलन, क्रिकेटचे सामने यांवर बाकीचे लिहितीलच. हे चार शब्द सरांविषयी.

पुढच्या तुकड्यांना सर आठवतात ते प्राचार्यांच्या खोलीतले. त्याआधीचे सर महानुभाव पंथाच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या शिकवणारे. पोथी हाती आली की मजकूर लगेच वाचायचा नाही, हा पहिला धडा. आधी पानं मोजायची, मग थेट शेवटचं पान: नक्कल कुणी, कुठे, कोणत्या शकात केली ते पुष्पिकेत, म्हणजे अखेरच्या नोंदीत, सापडतं. शकात ७८ मिळवायचे; मिती माघ-फाल्गुनातली असेल तर ७९. इथे निम्मा वर्ग हमखास चुके.

मग अक्षरं. पोथीत शब्द सुटे नसतात, ओळ सलग धावते. घ-ध, व-ब, ष-ख यांची अदलाबदल होते. लागोपाठच्या दोन ओळींत एकच शब्द असला की नक्कल करणाऱ्याची नजर वरून खाली घसरते आणि मधला मजकूर गळतो. समासातली टीप पुढच्या नकलेत बिनदिक्कत मूळ मजकुरात शिरते. चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ‘लीळाचरित्रा’ची तर मूळ पोथीच परचक्रात गेली, आठवणीतून पुन्हा जुळवावी लागली, म्हणून पाठ, म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं, इतके. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली त्याची १९७८ची प्रत सरांच्या टेबलावर कायम असे. कोलते १९६६ ते १९७२ नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि ती प्रत त्यानंतरची. सरांना याचं फार अप्रूप.

जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ, म्हणजे पिवळं खनिज, फासून वर नवं अक्षर लिहीत. सरांचा सगळा राग त्या हरताळावर. खालचं अक्षर गेलं की चूक कशी झाली तेही गेलं, असं म्हणत. प्राचार्य झाल्यावर कार्यालयातल्या व्हाइटनरच्या बाटल्या पहिल्या बंद झाल्या, त्या याच रागापोटी.

एका मुलीच्या जन्मतारखेचा घोळ त्या वेळी गाजला होता. जनरल रजिस्टर, ओळखपत्र आणि परीक्षेचा अर्ज, तिन्हीकडे १. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ९. हाताने लिहिलेले हे दोन आकडे किती जवळचे, ते सांगायला नको. कार्यालयाचं म्हणणं, तीन विरुद्ध एक. सरांनी विचारलं, ओळखपत्र कशावरून केलं? रजिस्टरवरून. परीक्षेचा अर्ज? तोही रजिस्टरवरून. आणि रजिस्टर? दाखल्यावरून. म्हणजे साक्षी तीन नव्हेतच. एकच चूक तीनदा उतरली. मग रजिस्टरमध्ये लाल शाईची एकच रेघ, खालचा १ वाचता येईल अशी. शेजारी ९, दाखल्याचा क्रमांक, सही, तारीख. पाठचिकित्सेचं, म्हणजे पाठ ताडून मूळ शब्द शोधण्याचं, अख्खं सत्र त्या एका नोंदीत होतं. शिकवण्याच्या तासाला ते इतकं सोपं कधीच वाटलं नाही.

सरांची स्वतःची संपादित प्रत मात्र करायची राहूनच गेली. वेतनाची देयकं, विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती, एकेका प्राध्यापकाचे आठवड्याचे सोळा तास भरतात की नाही याचे तक्ते: यांनी सरांच्या संध्याकाळी खाल्ल्या. महाविद्यालयाचं भलं झालं, मराठीचं नुकसान झालं. हे स्मरणिकेत लिहू नये, पण लिहिलं.

पाठभेदांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात आहेत. कपाट हलवताना कुणीतरी दोरे सोडून चिठ्ठ्या आकारानुसार रचल्या. दिसायला नीटनेटक्या, पण क्रम गेला. तो परत लावता येतो. डाव्या कोपऱ्यातलं क, ख, ग हे पोथीचं खुणेचं अक्षर, उजवीकडचा आकडा पानाचा, त्याखालचा ओळीचा. आधी पान आणि ओळ लावून घ्यावी, पोथीचं अक्षर शेवटी पाहावं. म्हणजे एकाच जागेचे सगळे पाठ एकत्र येतील. महानुभावांच्या तीर्थक्षेत्री, रिद्धपूरला, आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. तिथवर नेण्याआधी हे इथेच उरकावं, आणि रबरबँड लावू नयेत. ती उन्हाळ्यात वितळून कागदाला चिकटतात. सुती दोराच बरा.